चौदा नंबरचा जावई

डावऱ्याची तीन बोटं चौदा नंबरच्या प्रेसमध्ये गेली, तेव्हा सुपरवायझरने सगळ्यात आधी बटणातला जावई उपटून खिशात टाकला. फडकं आणायला त्यानंतर सांगितलं.

हा जावई काय प्रकार आहे ते इथेच सांगून टाकतो, कारण ज्यांनी पैसे घेऊन तो समजून घ्यायचा होता त्यांनी तेरा महिन्यांत घेतला नाही. रंगाच्या डब्यांची झाकणं कापायचा तो कारखाना. ओळीने सोळा प्रेस. प्रत्येक प्रेसला हातभर अंतरावर दोन बटणं, आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही. ज्याने हे यंत्र बनवलं त्याला डोकं होतं. दोन्ही हात बटणांवर असले तर साच्याखाली हात राहायचा प्रश्नच नाही. पण मग पत्रा सरकवायचा कधी? दाबा, सोडा, सरकवा, परत दाबा, असं करत एका पाळीत नऊशे झाकणं निघतात. मालकाला दीड हजार हवी होती. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचं. एक हात मोकळा झाला. या पाचरीला सगळा कारखाना जावई म्हणायचा. का, तर एकदा बसला की उठत नाही, काडीचं काम करत नाही, आणि सगळ्यांना त्याच्या कलाने घ्यावं लागतं. सकाळी पाळी सुरू झाली की सुपरवायझर हात मागे बांधून ओळीतून फिरायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, जावई बसवला का? नसेल बसवला तर त्याच्या आईबापांचा उद्धार व्हायचा.

डावऱ्या हे काही त्याचं नाव नव्हे, पण बावीस वर्षं त्याला त्याच नावाने हाक मारत होते. सगळी कामं तो डाव्या हाताने करायचा. बाकीच्यांचा जावई उजव्या बटणात बसायचा, याचा डाव्या. त्या दिवशी पाचर झिजलेली होती. ती आधी निसटली आणि साचा वर अडकला. डावऱ्याने अडकलेला पत्रा काढायला हात घातला, तेवढ्यात पाचर हादऱ्याने परत आपल्या जागी बसली. उजवा हात सवयीने बटणावर होताच. बावीस वर्षांची सवय ती, तिला कोण सांगणार की आज थांब.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात कंपनीच्या ऑफिसातला एक गोड बोलणारा माणूस आला. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात टाइप केलेला कागद. कागदावर लिहिलं होतं की मी माझ्याच निष्काळजीपणामुळे जखमी झालो असून कंपनीविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. डावऱ्या गुंगीत होता, पण बायको शुद्धीत होती. ती घरी शिवणकाम करायची आणि मापाचा कागद असो की औषधाची चिठ्ठी, वाचल्याशिवाय हातावेगळं करायची नाही. तिने सगळा कागद दोनदा वाचला, फळांची पिशवी ठेवून घेतली आणि कागद परत दिला. तो म्हणाला, वहिनी, सही केली तर बिल कंपनी भरेल. ती म्हणाली, बिल तर तुम्ही भरणारच आहात, आता फक्त किती ते ठरायचंय.

त्या घरातल्या कुणी याआधी वकील केला नव्हता. दवाखान्यातून सुटल्यावर डावऱ्या आधी कामगार कचेरीत गेला, तर तिथल्या साहेबांच्या खुर्चीवर फक्त टॉवेल होता. भिंतीवर नियमांचा तक्ता होता. त्यात लिहिलं होतं की कामावर इजा झाली तर भरपाई मिळेल, चूक कुणाची का असेना. त्याला बरं वाटलं. मग त्याने खालची बारीक अक्षरं वाचली. कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून निकामी केलं असेल तर छदामही मिळणार नाही. त्याने ती ओळ परत वाचली. पाचर त्याच्या बटणात होती, आणि रोज सकाळी तो स्वतःच्या हाताने ती ठोकत होता. ठोकायला सांगणारा वेगळा होता, पण भरपाई मिळणार की सगळं डावऱ्याच्याच गळ्यात पडणार हे आता एवढ्यावरच ठरणार होतं की जावई बसवला कुणी.

वकिलाचं ऑफिस गाद्यांच्या दुकानावर होतं. पाटीवर लिहिलं होतं, कामगारांचा हक्काचा माणूस. बाहेरच्या बाकावर आठजण बसले होते आणि सगळे मिळून धडधाकट माणसं सहाच भरली असती. आत वकील तीन फोन मांडून बसला होता. त्याने डावऱ्याचा हात उलटापालटा करून पाहिला, भाजीवाल्याकडे वांगं बघतात तसा, आणि हळहळला.

"डावा? अरेरे. उजवा असता तर अपंगत्वाचे टक्के जास्त लागले असते."

डावऱ्या म्हणाला, साहेब, मी डावराच आहे, माझा उजवा हात हाच. वकिलाने मान हलवली. "कायद्यात डावरा नाही," तो म्हणाला.

फी एक पैसा नाही, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. भरपाई मिळाली तर तिचा चौथा हिस्सा, आणि तोवर नुसता खर्च. नुसत्या खर्चाची यादी त्याने छापूनच ठेवली होती. तिच्यात सगळ्यात शेवटी 'इतर' होतं आणि सगळ्यात मोठा आकडा तोच होता. बायकोने विचारलं, हे इतर म्हणजे काय? वकील म्हणाला, ते केस पुढे गेली की कळतं. तेवढं एक त्याने खरं सांगितलं.

मग त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, सांगा, मी ऐकतोय. डावऱ्याने पहिल्यापासून सांगितलं. दोन बटणं, नऊशे झाकणं, दीड हजार झाकणं. मध्ये तीन फोन आले. एका फोनवर वकील कुणाला तरी फरशीचा रंग सांगत होता. बावीस वर्षं तेच शब्द तोंडात बसलेले, त्यामुळे डावऱ्या आपल्या भाषेतच सांगत गेला. बटणावर जावई बसवलेला होता, सुपरवायझरनेच बसवायला लावला होता, रोजच बसवायला लावतात. कोपऱ्यात टायपिंगवाल्या बाई टाइप करत होत्या. त्यांनी एकदा हात थांबवला आणि विचारलं, सर, जावई म्हणजे?

"जावई म्हणजे जावई," वकील डोळे न उघडता म्हणाला. "मुलीचा नवरा. इतकी वर्षं काम करताय आणि हे मी सांगायचं?"

डावऱ्या तोंड उघडणार होता, पण चौथा फोन वाजला.

अर्ज सात पानांचा झाला. सदरहू, उपरोक्त, येणेप्रमाणे. डावऱ्याला वाचता चांगलं येत होतं, पण ती पानं वाचताना चिखलातून चालल्यासारखं वाटत होतं. तरी त्याने एक मोठी चूक पकडली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की अर्जदार चौथ्या मजल्यावरच्या परांचीवरून खाली पडला. ती दुसऱ्याच कुणाची केस होती, तिचा मजकूर तसाच चिकटवला होता. वकिलाने हसून ते खोडलं आणि म्हणाला, हुशार आहात. एवढी मोठी चूक सापडल्यावर आणखी असेल असं डावऱ्याला वाटलंच नाही. त्याने उजव्या हाताने वेडीवाकडी सही केली. ती बघून कचेरीतला कारकून म्हणाला, ही सही तुमच्या कंपनीतल्या कागदांवरच्या सहीशी जुळत नाही. सहीचा हात राहिला नाही असं प्रतिज्ञापत्र करून आणा. डावऱ्याने करून आणलं. कारकून म्हणाला, याच्यावरचीही सही जुळत नाही. दोन महिने त्यात गेले.

चार महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं. उत्तर वाचून बायकोने शिवणयंत्र थांबवलं. कंपनीचं म्हणणं असं, की अपघाताच्या वेळी अर्जदाराचा जावई यंत्रावर बसलेला होता, हे अर्जदाराने स्वतःच अर्जाच्या परिच्छेद अकरामध्ये कबूल केलं आहे. सदर जावई कंपनीचा नोकर नाही. बाहेरच्या माणसाला यंत्रावर बसवून अर्जदाराने अपघात ओढवून घेतला, तेव्हा कंपनी जबाबदार नाही. शिवाय त्या दिवशी साचा खराब झाला, त्याचं नुकसान वसूल करायचा हक्क कंपनी राखून ठेवते.

"आपल्या जावयाने काय केलं?" बायकोने विचारलं.

डावऱ्याने परिच्छेद अकरा काढला. तिथे होतं ते. सुपरवायझरने बसवायला लावला, हे वाक्य मात्र नव्हतं. वकिलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला की पहिल्याच अर्जात कंपनीवर आरोप केले की वातावरण बिघडतं.

गंमत अशी होती की कंपनीतल्या प्रत्येकाला जावई म्हणजे काय ते माहीत होतं. सुपरवायझरला, मॅनेजरला, झाडू मारणाऱ्यालासुद्धा. पण खुलासा करायचा तर आमच्या सोळाही प्रेसवर आम्ही पाचरी ठोकतो असं कबूल करावं लागलं असतं, आणि मग तपासणीवाले आले असते. त्यापेक्षा खराखुरा जावई परवडला. अडचण डावऱ्याचीही तीच. आपण जावई म्हणालो म्हणजे पाचर म्हणालो, असं सांगितलं की कंपनी हात झटकून म्हणणार, बघा, यानेच ठोकली, आम्ही कुठे सांगितलं होतं? सांगितल्याचा कागद नव्हता. असले हुकूम कागदावर देण्याइतका मूर्ख मॅनेजर अजून जन्माला यायचाय. तेव्हा दोन्ही बाजूंना खरं काय ते ठाऊक, आणि दोन्ही बाजू एका नसलेल्या माणसावर महिनोन् महिने तारखा घेत बसल्या.

मात्र हा माणूस दुसरीकडे खराखुरा होता. डावऱ्याच्या मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, आणि तिचा नवरा विमा कंपनीत होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात आकडे. त्याच्या ऑफिसात, त्याच्या साहेबासमोर, त्याला साक्षीचं समन्स मिळालं. संध्याकाळी तो तसाच ओळखपत्रासकट दारात उभा राहिला.

"मामा, मी तुमच्या मशीनवर कधी बसलो?"

"बसा, जावईबापू," डावऱ्या म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याने जीभ चावली.

जावईबापू बसले नाहीत. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, तुम्ही लोकांना सुरक्षिततेची पॉलिसी विकता आणि स्वतः सासऱ्याची बोटं कापता होय? शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं होतं, हुंड्यात बोटं ठरली होती का? डावऱ्याने त्याला पाचरीची सगळी हकिकत सांगितली. ऐकताना जावयाचा चेहरा मवाळ होत गेला, आणि मग जास्तच कडक झाला.

"म्हणजे तुमच्या कारखान्यात," तो म्हणाला, "जी वस्तू काही काम न करता नुसती बसून राहते, तिला जावई म्हणतात?"

सासू पाणी आणायला आत गेली ती हसू आवरेपर्यंत बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी डावऱ्या वकिलाकडे गेला. घरी पडलेली एक जुनी पाचर त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली, हा जावई, म्हणाला, आणि तिन्ही फोन स्वतःच्या हाताने बाजूला सारले. वकिलाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ऐकून तो खजील होईल असं डावऱ्याला वाटलं होतं. तो खूश झाला.

"हे तर फारच छान झालं. पाचर कागदावर आलीच नाही. आली असती तर तुम्ही मेला असता. आता असं करू. जावई तिथे बसला होता, हेच धरून चालू. त्याला साक्षीला आणा, त्याने म्हणावं, हो, चुकून माझा हात बटणावर पडला. कंपनीचा वकील माझ्या ओळखीचा आहे. ते माणुसकी म्हणून थोडे देतील, आपण घेऊ, विषय संपला."

"आणि जावयाची नोकरी?"

"जावई तरुण आहे," वकील म्हणाला. "त्याची दहाही बोटं शाबूत आहेत."

थोडे म्हणजे किती ते त्याने कागदावर लिहून दाखवलं. त्यातून त्याचा चौथा हिस्सा आणि इतर गेलं की एका बोटाला काय पडतं, याचा हिशेब डावऱ्याने जिना उतरता उतरता केला. कारखान्यात एक साचा बदलायला त्याहून जास्त लागतात.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. मनातून तो डगमगत होता. खरं सांगितलं आणि कंपनी हात वर करून मोकळी झाली तर काहीच मिळणार नव्हतं, आणि नुसत्या उजव्या हातावर नवी नोकरी कोण देणार? बायको काज करत होती. दोरा दाताने तोडून ती म्हणाली, "अहो, बोटं गेली ती गेली. आता लेकीचा संसार साच्याखाली घालायचा असेल तर वकिलाची गरज काय? ते काम आपल्याला फुकटात जमेल." मग थोड्या वेळाने तिनेच विचारलं, त्या सुपरवायझरला बोलावणार आहेत का? डावऱ्या म्हणाला, हो, कंपनीचा साक्षीदार तोच. ती म्हणाली, मग त्यालाच विचारा की.

तारखेला कचेरीतला पंखा बंद होता. अधिकारी निवृत्तीला आलेले, चष्मा दोरीने गळ्यात, समोर फायलींची उतरंड. कंपनीचा वकील कडक कॉलरचा. सुपरवायझर नव्या शर्टात आला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जराही भीती नव्हती. त्याचं कारण डावऱ्याला ताबडतोब कळलं. त्याला खोटं बोलायचंच नव्हतं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, अपघाताच्या वेळी यंत्रावर जावई होता का? सुपरवायझर शपथेवर, छाती पुढे काढून म्हणाला, होता. तुम्ही स्वतः पाहिला? स्वतः पाहिला. कंपनीचा वकील बसला. एवढी निर्मळ साक्ष त्या कचेरीत फार दिवसांत झाली नसावी.

डावऱ्याच्या वकिलाने उठून सांगितलं की आम्हाला उलटतपासणी करायची नाही. दोन्ही वकील एकमेकांकडे बघून हसले, आणि अधिकारी लिहायला वाकले.

"साहेब," डावऱ्या उभा राहिला. "मला विचारायचंय."

त्याच्या वकिलाने त्याची बाही ओढली. अधिकाऱ्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, तुमचे वकील आहेत ना?

"तेरा महिने मी त्यांना एकच शब्द समजावतोय, साहेब. कळला तेव्हा त्यांनी तो लपवायला सांगितला. मला पाच मिनिटं द्या, मग काय लिहायचं ते लिहा."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. उन्हाळ्यातली दुपार, पंखा बंद. त्यांनाही कदाचित काहीतरी घडावं असं वाटत असेल.

डावऱ्या सुपरवायझरकडे वळला. हा माणूस बावीस वर्षं त्याच्या पाठीशी उभा राहून ओरडला होता, त्यामुळे त्याची एकेक खोड डावऱ्याला पाठ होती. त्याला शिव्या दिल्या तर तो गप्प बसतो, आणि त्याच्या प्रॉडक्शनची चौकशी केली की फुलतो.

"साहेब, मी गेल्यावर चौदा नंबरचं प्रॉडक्शन पडलं म्हणतात. हजारावर आलंय."

"कुणी सांगितलं?" सुपरवायझर म्हणाला. "सोळाशे काढतोय चौदा नंबर. परवा सोळाशे चाळीस निघाले."

"शक्य नाही. त्याचं डावं बटण पहिल्यापासून सैल. जावई टिकत नाही त्याच्यात."

"तुझ्या वेळी नव्हता टिकत. तू झिजलेला वापरायचास, दहादा सांगितलं तरी बदलून घ्यायचा नाहीस. आता मी स्वतः दर सोमवारी नवा देतो. सोळाच्या सोळा मशीनला."

कंपनीचा वकील ताडकन उठला. अधिकाऱ्यांनी हाताने त्याला बसवलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"दर सोमवारी नवा जावई?" त्यांनी विचारलं.

"झिजतो साहेब तो," सुपरवायझर त्यांना समजावू लागला. नव्या माणसाला काम शिकवताना लागायचा तोच आवाज. "हादरे बसतात ना. झिजला की निसटतो. निसटला की प्रॉडक्शन बसलं."

"कशाचा असतो?"

"लाकडाचा. मध्ये प्लॅस्टिकचा करून बघितला, पण तो घामाने सरकतो. आमचा सुतार करतो, स्टोअरच्या चिठ्ठीवर मिळतो."

"आणि ज्या कामगाराला जावई नको असेल, त्याने?"

"नको कसा असेल?" सुपरवायझरला तो प्रश्नच कळला नाही. "त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवतो की. जावयाशिवाय दीड हजार निघतील का साहेब? तुम्हीच सांगा."

मग त्याला दिसलं की अधिकारी सगळं लिहून घेतायत. त्याने कंपनीच्या वकिलाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, जणू त्याचा नि या माणसाचा काही संबंध नाही. सुपरवायझरचा नवा शर्ट पाठीला चिकटला.

डावऱ्याने खिशातली पाचर काढली आणि टेबलावर ठेवली. हाच का तो, असं अधिकाऱ्यांनी सुपरवायझरला विचारलं. त्याचा हात आपसूक पुढे आला, पाचर उचलून त्याने अंगठ्याने तिची कड चाचपली, झिजली आहे का ते बघायला. अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतलं.

निकाल दोन महिन्यांनी लागला. सुरक्षेचं साधन कंपनीच्या हुकमाने निकामी केलं होतं, कामगाराने आपल्या मनाने नव्हे, म्हणून पूर्ण भरपाई. हात मात्र डावाच धरला, कारण कायद्यात डावरा नव्हता. वकिलाने आपला चौथा हिस्सा करारावर बोट ठेवून वसूल केला, आणि बाकावरच्या नव्या आठजणांना तो आता सांगतो की साक्षीदाराला बोलतं करायची ही युक्ती त्याचीच. जावयाच्या साहेबाला निकालाची प्रत दाखवली गेली. त्यांनी ती वाचून म्हटलं, म्हणजे तुम्ही लाकडी होता तर. ऑफिसात ते नाव पडलं ते पडलंच.

कंपनीनेही ताबडतोब पावलं उचलली. नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं की कारखान्याच्या आवारात 'जावई' हा शब्द वापरण्यास सक्त मनाई आहे. पाचरीबद्दल त्यात काही नव्हतं. कामगार आता तिला व्याही म्हणतात. आणि कंपनीने तपासणीवाल्यांना कळवलं की हा सगळा प्रकार एका सुपरवायझरने व्यवस्थापनाला अंधारात ठेवून केला, त्याला आजपासून काढून टाकण्यात आलं आहे.

पुढच्या रविवारी तो सुपरवायझर डावऱ्याच्या दारात आला. शर्ट जुना, हात पुढे बांधलेले. बायकोने त्याला ओळखलं, पण आत या म्हटलं नाही, आणि दारही लावलं नाही. शिवणयंत्र चालूच ठेवलं. तो उंबऱ्याशीच उभा राहून बोलला. मॅनेजर रोज सकाळी फोन करून आकडा विचारायचा, सोळा पाचरींचा हिशेब महिन्याच्या महिन्याला त्याच्याकडे जायचा, आणि आता तो म्हणतो, मी पाचर हा शब्दच ऐकलेला नाही. तेवीस वर्षांची ग्रॅच्युइटी अडकवलीय. वकील करावा लागणार.

"तुझा कसा आहे?" त्याने विचारलं.

"ऐकत नाही," डावऱ्या म्हणाला.

सुपरवायझर जरा घुटमळला. मग जे मागायला आला होता ते त्याने मागितलं. "साक्षीला येशील का? मॅनेजर रोज मागे येऊन उभा राहायचा, हे तू पाहिलंयस. तुझ्याशिवाय दुसरा कुणी बोलणार नाही. सगळ्यांना नोकऱ्या आहेत."

शिवणयंत्र थांबलं. डावऱ्याला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. पत्र्यावरचं रक्त आठवत होतं, आणि याच माणसाचा हात आपल्या डोक्यावरून बटणाकडे गेलेला. राग होता, अजून गरम होता. पण मॅनेजरचे चकचकीत बूटही त्याने खरंच पाहिले होते, रोज, चौदा नंबरच्या मागे.

"येईन," तो म्हणाला. "पण पाहिलं ते सगळं सांगेन. मॅनेजर मागे उभा असायचा तेही सांगेन. आणि माझी बोटं साच्यात असताना तुम्ही आधी कशाला हात घातलात, तेही."

सुपरवायझर उंबऱ्यापासून मागे सरला. डावऱ्याला वाटलं, आता हा जाईल. बायकोलाही तसंच वाटलं असावं, तिने पाय यंत्राच्या पेडलवर परत ठेवला होता.

"सांग," सुपरवायझर म्हणाला. "तारीख कळली की कळवतो."